कुठला ब्रेक

माझं काम पोरांचे खांदे बघायचं. कुणी विचारलं की मी असंच सांगते, कारण 'बेसबॉलसाठी शाळांमधून खेळाडू शोधते' म्हटलं की पुढचा सगळा वेळ बेसबॉल म्हणजे काय हे सांगण्यात जातो. रिक्षावाल्याला, मुख्याध्यापकांना, आमच्याच मजल्यावरच्या काकूंना. ते लगोरीसारखं असतं का, क्रिकेटच्या बॅटनं चालतं का, आपल्याकडे कोण खेळतं. खेळतात. महापालिकेच्या शाळांत खेळतात, चाकणच्या इंग्लिश मीडियममध्ये खेळतात, आणि बहुतेक जण दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात म्हणून खेळतात. मीही त्यासाठीच सुरुवात केली होती. गुण मिळाले, खेळ सुटला नाही, मग गुडघा गेला.

मी कॅचर होते. पिचर चेंडू फेकतो, कॅचर त्याच्यासमोर उकिडवा बसून तो झेलतो. इतकी वर्षं उकिडवं बसल्यावर उजव्या गुडघ्यानं एक दिवस उठायला नकार दिला. आता मी रंगाचा रिकामा डबा उलटा घालते आणि त्यावर बसून झेलते. तो डबा, एक ग्लोव्ह आणि चेंडूंची पिशवी घेऊन मी निगडीपासून चाकणपर्यंतच्या शाळा फिरते. तळवड्याच्या चौकात बस अडकते, कंटेनरमागे कंटेनर उभे असतात, आणि शाळेत पोचावं तर क्रीडाशिक्षक कुठल्यातरी सरकारी ड्यूटीवर गेलेले असतात. मैदानाची किल्ली शिपायाकडे, शिपाई चहाला. अर्ध्या मैदानात कुणाच्या तरी लग्नाचा मांडव. उरलेल्या अर्ध्यात मुलं ओळीनं उभी राहतात आणि एकामागून एक, सरळ हातानं, बोलिंग टाकल्यासारखा चेंडू टाकतात. कोपर वाकवा म्हटलं की घाबरतात. लहानपणापासून कोपर वाकलं की गल्लीत सगळे 'फेकतोय, फेकतोय' म्हणून ओरडलेले असतात. त्यांना मी सांगते, बाळांनो, इथं फेकायचंच आहे. ती हसतात आणि पुन्हा सरळ हातानं टाकतात.

असे आठवडेच्या आठवडे जातात. संध्याकाळी घरी आल्यावर तळहाताला काहीच जाणवत नाही, म्हणजे दिवसभरात काहीच आलेलं नाही.

वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात युनियनचं काम करायचे. पत्रकं तेच लिहायचे. कागदाचे गठ्ठे घरी यायचे आणि घड्या घालायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे मी वाचायला शिकले ती पाठ्यपुस्तकाच्या आधी पत्रकांवर. 'कामगार बंधूंनो' हा मला न अडखळता वाचता आलेला पहिला शब्द. चौथीत सहलीवरचा निबंधही मी 'बंधूंनो' असा सुरू केला होता, आणि बाईंनी समासात लाल शाईनं 'आणि भगिनी?' असं लिहिलं होतं. तो कारखाना केव्हाच बंद झाला, त्या जागेवर आता उंच इमारती आहेत. पण पत्रकांची भाषा माझ्या अंगातून गेलेली नाही. मला अजून अन्याय दिसला की आधी मथळा सुचतो.

मी ज्या अकादमीसाठी फिरते ती चिखली–मोशी रस्त्याला आहे. चालवणारे सर गावच्या जुन्या शेतकरी घरातले. जमिनी गेल्या, भावांच्या वाटण्या झाल्या, भावांनी आपापल्या वाट्यावर इमारती बांधल्या. यांनी आपल्या तुकड्यावर मैदान केलं आणि भावांकडून आजतागायत वेडे ठरले. मैदानाच्या कडेला घर, घराच्या वरच्या मजल्यावर बाहेरून आलेल्या मुलींच्या खोल्या, पत्र्याच्या शेडमध्ये मुलांच्या. जेवण सरांच्या घरचं. शिक्षणासाठी सरांच्या ओळखीची एक शाळा ठरलेली, सगळे खेळाडू त्याच शाळेत घालायचे. मी तिथं करारावर आहे, अकरा महिन्यांच्या.

एक मुलगी मला चिखलीतल्या एका शाळेत सापडली. आठवीची परीक्षा नुकतीच झाली होती, ऊन तापायला लागलं होतं, आणि मी डब्यावर बसून उगाच ग्लोव्ह पुढं धरून होते. तिची पाळी आली. कोपर वाकवा असं मी सांगायच्या आत चेंडू येऊन ग्लोव्हमध्ये बसला आणि तळहात झिणझिणला. मी तिला परत फेकायला सांगितलं. परत तिथंच आला. तिसऱ्यांदा मी मुद्दाम ग्लोव्ह गुडघ्याशी नेला, तर गुडघ्याशी आला. मला हात हलवावा लागत नव्हता.

कुठं शिकलीस, विचारलं. तिनं खांदे उडवले. मी म्हटलं, आंबे-बिंबे पाडतेस का दगडानं? ती म्हणाली, इथं कुठं आलेत आंबे, ताई. ते खरंच होतं. समोर वर्कशॉपांचे पत्रे होते आणि एक मोबाइलचा टॉवर.

सर दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आले. ते फारसं बोलत नाहीत. तिचे पाच-सहा चेंडू बघितले, टोपी काढली, डोकं पुसलं, टोपी घातली, आणि मला म्हणाले, "हिच्या घरला कधी जायाचं?"

तिचं घर वर्कशॉपांच्या मागच्या गल्लीत होतं, दोन खोल्या. वडील लातूरकडचे, चाकणच्या एका कंपनीत ठेकेदाराकडून कामाला. दुपारच्या शिफ्टची बस यायची होती म्हणून ते तयार होत होते, कंपनीचा निळा शर्ट घालून. आई भिंतीला टेकून गाड्यांत बसणाऱ्या रबरी बुशांच्या कडांचं जादा रबर ब्लेडनं कापत होती. त्या भागातल्या अर्ध्या घरांत हे काम चालतं. बाहेर पडल्यावर कपड्यांनाही तो रबराचा वास राहतो. मुलगी आईशेजारी बसून तयार बुश पलीकडच्या क्रेटमध्ये टाकत होती, न बघता. मी सरांकडे बघितलं. सरांनी आधीच बघितलं होतं.

सर एकुलत्या एक खुर्चीवर बसले आणि त्यांनी सगळं नीट सांगितलं. पोरगी वरच्या मजल्यावर ऱ्हाईल, आमच्या घरचं जेवण, दोन येळची प्रॅक्टिस, बूट, ग्लोव्ह, शाळा सगळं आमचं. तुमी फक्त जुन्या शाळेतनं दाखला काढून द्या, म्हंजी नववीला तिचं नाव आमच्या शाळेत घालता येईल. वडील मान हलवत होते, एकीकडे बटणं लावत होते. चांगलं चाललं होतं. मग सरांनी शेवटचं म्हणून सांगितलं, "लई पोरं रांगेत हायत बरं का. पर तुमच्या पोरीला ब्रेक मिळतोय."

वडिलांचा हात बटणावर थांबला. आईचं ब्लेडही थांबलं.

"नको सर," ते म्हणाले.

सरांना वाटलं ऐकण्यात काही चूक झाली. त्यांनी पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं की पोरीला ब्रेक मिळतोय, असा ब्रेक लोक शोधत फिरतात. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, बहुतेक मी तरी माणसात असेन म्हणून.

"ब्रेक मला मिळतोयच की ताई, दर सात महिन्याला," ते म्हणाले. "लेकराला कशाला आत्तापासून?"

मला तेव्हा कळलं, आणि हसू येण्याच्या आधी अंगावर काटा आला. आमच्या पट्ट्यात ब्रेक म्हणजे काय हे शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल. ठेक्यावरच्या माणसाला काही महिने कामावर ठेवायचं, आणि सलग नोकरीचा हक्क लागायच्या आत थोडे दिवस घरी बसवायचं. कागदावर तो निघून जातो. मग परत नवा म्हणून घ्यायचा, नाहीतर नाही घ्यायचा. ब्रेक बसला, ब्रेकवर आहे, ब्रेक दिला, असं लोक बोलतात, ताप आला म्हणावं तसं. मी घड्या घातलेल्या पत्रकांत 'ब्रेक पद्धत बंद झालीच पाहिजे' हे वाक्य इतक्यांदा होतं की मला त्यातल्या उद्गारचिन्हांची संख्यासुद्धा आठवते. सरांनी मात्र जन्मात कंपनीचं गेट ओलांडलेलं नव्हतं. त्यांचा ब्रेक टीव्हीवरचा होता, ज्यात एखाद्या गाणाऱ्या मुलीला पहिला ब्रेक मिळतो.

मी समजावून सांगितलं. आधी आई हसली, तोंडाला पदर लावून, मग वडील, मग सर. सरांचं हसणं मोठं आहे, शेजारची माणसं दारात येऊन बघायला लागली. चहा आला. वडील म्हणाले, माफ करा सर, आम्हाला एकच ब्रेक ठाऊक. सर म्हणाले, चूक माझीच, बारशाला जाऊन मयताचं बोललो. वातावरण अगदी सैल झालं होतं, आणि त्या सैलपणातच वडिलांनी विचारलं, "मंग वर्षानं काय, सर?"

सर म्हणाले, वर्षानं बघतो. पोरीचा हात तसाच ऱ्हायला, खेळली, तर पुढं ठेवतो.

"आन् न्हाई खेळली तर? खांदा दुखला, काय झालं?"

"तर मग जागा दुसऱ्याला द्यावी लागती."

वडिलांनी कप खाली ठेवला. नववी तुमच्याकडं करून ती दहावीच्या तोंडावर बाहेर पडली, तर दहावीला कोणती शाळा तिला घेणार, असं त्यांनी विचारलं. दहावीच्या वर्षात नवं पोर घ्यायला शाळा नाखूश असतात, निकाल बिघडतो म्हणून. हे सरांना ठाऊक होतं, मलाही होतं.

"म्हंजी ब्रेकच की, सर," वडील म्हणाले. रागानं नाही. पाना कितीचा लागेल हे सांगावं तसं सांगितलं, आणि बस आली म्हणून डबा घेऊन निघून गेले. मुलगी दारापर्यंत त्यांच्यामागे गेली आणि तिथंच उभी राहिली. तिनं आमच्याकडे वळून बघितलं नाही.

जीपमध्ये मीच बोलले. मला गप्प बसता येत नाही हे माझ्यासोबत काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं की माणूस वाजवी मागतोय. हात राहो न राहो, दहावी होईपर्यंत मुलीला ठेवू, एवढं कबूल करायला काय हरकत आहे? आपण खांदा घेतो, तेव्हा त्याच्यासोबत येणारी दहावीही आपणच घ्यायला हवी.

"हे छापून आण," सर म्हणाले. "गेटवर वाटू."

मग टोलनाक्याच्या रांगेत त्यांनी मला त्यांची बाजू सांगितली, आणि ती ऐकून मी जास्तच दमले. वरच्या मजल्यावर खाटा मोजक्या. मागं एका पोरीचा खांदा उतरला, तिला काढवेना म्हणून त्यांनी दहावीपर्यंत ठेवली. तिच्या जागेवर येणार होती ती दुसरी मुलगी तेवढ्या काळात लग्न होऊन गेली. "तिचा हात हिच्याहून चांगला व्हता," सर म्हणाले. "आता कुठं भाकऱ्या थापीत असंल. मी कुणाला काय लेखी देऊ, सांग." मला मथळा सुचला नाही.

पुढच्या आठवड्यात मुलगी रोज सकाळी मैदानावर यायला लागली. दोन बस बदलून. घरी तिनं काय सांगितलं होतं मी विचारलं नाही. मी डब्यावर बसायचे, ती फेकायची. जाळीच्या बाहेर, वरच्या मजल्यावरच्या मुली दात घासत तिला बघायच्या. बोट कुठं ठेवायचं, पाय किती उचलायचा, एवढंच मी बोलायचे. सर लांबून बघायचे, जवळ यायचे नाहीत. खाट रिकामी होती, आणि मंचरकडून कुणीतरी एका मुलीसाठी फोन करत होतं.

एका सकाळी चेंडू गोळा करताना ती म्हणाली, "ताई, तुम्ही सरांना सांगा ना, मला चालंल म्हणून."

काय चालेल, मी विचारलं.

"ब्रेक. दिला तरी चालंल. पप्पांना पण देतात, परत घेतात की."

तिनं हे मला समजावल्यासारखं सांगितलं, मीच घाबरलेली आहे आणि ती धीर देते आहे, अशा आवाजात. मी पिशवीचं तोंड बांधत राहिले. माझ्या वडिलांनी आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध पत्रकं काढली ते इथं इतकं साधं होऊन बसलं होतं, पावसाळ्यात दार फुगतं तसं, आणि ती त्यासकट स्वतःला देऊ करत होती. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. ओरडून तरी काय सांगणार होते? मी एवढंच म्हटलं की असं सरांना कधी सांगू नकोस. ती म्हणाली, का. मी म्हटलं, कारण ते ऐकतील.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत तिचे वडील आले. रात्रपाळी संपवून, कंपनीची बस मोशीच्या फाट्यावर सोडून, सरळ मैदानावर. डोळे लाल. ते जाळीमागे माझ्या पाठीशी उभे राहिले आणि त्यांनी पहिल्यांदा लेकीला फेकताना बघितलं. चेंडू ग्लोव्हमध्ये बसला की मागे त्यांचा श्वास ऐकू यायचा. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, लागतं का हो हाताला. मी ग्लोव्ह काढून तळहात दाखवला. लाल झाला होता. ते तळहाताकडं बघत राहिले.

सर आले. वडिलांनी त्यांना नमस्कार केला आणि उभ्याउभ्याच बोलायला सुरुवात केली. म्हणाले, सर, आमच्यातला माणूस नवी कंपनी धरायची म्हटलं की जुनी सोडत न्हाई. जुन्या ठिकाणी आजारी म्हणून दांडी मारतो, नव्या ठिकाणी चार दिस जाऊन बघतो. काम कसं, सुपरवायझर कसा, चहा मिळतो का. पटलं तर मंग सोडतो.

"मग?" सर म्हणाले.

"मंग दाखला तिथंच ऱ्हाऊ द्या. लेकरू तुमच्याकडं ठेवा. शाळा जुनीच."

सरांना हे साधं नव्हतं. शालेय स्पर्धेत मूल त्याच्या शाळेच्या नावावर उतरतं. दाखला तिथंच राहिला, तर शिकवणार सर, जेवू घालणार सर, आणि जिंकणार चिखलीची शाळा, जिला आपल्याकडे पिचर आहे हेही ठाऊक नाही. सरांच्या ओळखीची शाळा त्यांच्या खेळाडूंची फी माफ करते ती नाव होतं म्हणूनच. शिवाय रोज तिला शाळेत सोडायचं, आणायचं. सरांनी हे सगळं बोलून दाखवलं, बोटांवर मोजत. वडिलांनी ऐकून घेतलं. म्हणाले, सगळं बरोबर हाय तुमचं. आणि बाकी काहीच बोलले नाहीत.

मलाही बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण मला तेव्हा दिसलं की हा माणूस दर सात महिन्यांनी कुणाच्या तरी टेबलासमोर असाच उभा राहत असणार, आणि कधी गप्प बसायचं हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

सरांनी मुलीला हाक मारली आणि टाक म्हणाले. तिनं टाकला. अजून एक. अजून एक. शेवटी सरांनी टोपी काढली, डोकं पुसलं.

"ऱ्हाऊ दे दाखला," ते म्हणाले. "एक वर्ष बगू."

"तुमचं बी एक वर्ष बगू, सर," वडील म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. सर हसले नाहीत, पण चहा सांगितला.

ती आता वरच्या मजल्यावर राहते. सकाळी जीप तिला जुन्या शाळेत सोडते. सरांची कुरकुर रोज असते, डिझेलची, शाळेच्या नावाची. तिचा हात अजून तसाच आहे. वर्ष संपायचं आहे. संपल्यावर काय होईल मला सांगता येणार नाही, पण काहीही झालं तरी तिची दहावी तिथं चिखलीत तिची वाट बघत बसलेली आहे, आणि ते मी केलेलं नाही, तिच्या वडिलांनी केलंय.

मधल्या काळात माझे अकरा महिने भरले. सरांनी मला शेडजवळ बोलावलं, इकडचं तिकडचं बोलले, गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाले, महिनाभर थांब जरा, मग परत घेतो. शब्द त्यांनी वापरला नाही. आता तो त्यांनाही कळला होता. मी त्याविरुद्ध बोलले, चांगलं लांबलचक बोलले, आणि त्यांनी ते सगळं ऐकलं. महिना काही कमी झाला नाही.

पण तिला झेलायला दुसरं कुणी नाही. मुलांना तिचा चेंडू हाताला लागतो आणि ते कबूल करत नाहीत. म्हणून मी या महिन्यातही संध्याकाळची बस पकडून मैदानावर जाते, डबा उलटा घालते, बसते. सर लांबून बघतात आणि टोपी नीट करतात.

परवा तिनं विचारलं, ताई, तुम्ही आता सकाळी का येत नाही?

मी म्हटलं, ब्रेक मिळालाय.

तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग ती थांबली, चेंडू हातात फिरवत राहिली, आणि जपून विचारलं, "कुठला?"

मी ग्लोव्ह गुडघ्याशी धरला आणि तिला म्हटलं, टाक.